स्त्रिया, मुली आणि हिंसक अतिरेकवाद: संशोधनाची इंटर्नशिप हेगला, दिल्लीत की गडचिरोलीत?

राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा समाजकार्य घेऊन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थिनी हा विषय घेऊन येतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: परदेशातल्या नावाजलेल्या संस्थेकडे अर्ज करावा, दिल्ली-मुंबईच्या एखाद्या अभ्याससंस्थेत जावे, की आपल्याच प्राध्यापकांच्या प्रकल्पावर प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला जावे. प्रश्नाची सुरुवात संस्थेच्या नावापासून होते, ती तशी होऊ नये असे मला वाटते. पुढचे तीन ते सहा महिने आपल्या टेबलावर नेमके काय येणार आहे, इतरांनी लिहिलेले अहवाल, पोलिसांचे आणि न्यायालयाचे कागद, की समोर बसून बोलणारी बाई, हे आधी पाहावे. तीन पर्यायांतला खरा फरक तिथे आहे. मानधन, व्हिसा आणि प्रमाणपत्र यांचा विचार त्यानंतर करता येतो.

विषयाची थोडी पार्श्वभूमी देते, कारण मुलाखतीत ती विचारली जाते आणि निवडीलाही उपयोगी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला, त्यात संघर्ष आणि शांतता यांच्या चर्चेत स्त्रियांना स्थान मिळाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये झालेल्या २२४२ क्रमांकाच्या ठरावाने ते सूत्र दहशतवाद आणि हिंसक अतिरेकवाद यांच्या प्रतिबंधाशी जोडले, आणि २०१६च्या सुरुवातीला सरचिटणीसांचा प्रतिबंधविषयक कृती आराखडा आला. या कागदांमागे दोन प्रतिमा उभ्या आहेत. एका प्रतिमेत स्त्री ही मुलाच्या वागण्यातला बदल सर्वांत आधी ओळखणारी आई आहे, म्हणून तिला प्रशिक्षण द्यायचे. दुसरीत ती स्वतःच संघटनेत गेलेली, किंवा ओढली गेलेली, व्यक्ती आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१८ मध्ये केलेल्या मोजदादीत इराक-सीरियात ‘इस्लामिक स्टेट’शी जोडल्या गेलेल्या ४१,४९० परदेशी नागरिकांपैकी ४,७६१ स्त्रिया आणि ४,६४० अल्पवयीन होते. दुसऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करता येत नाही ते यामुळे. आपल्याकडे तर २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला एका आत्मघाती तरुणीने राजीव गांधींची हत्या केल्यानंतर ते करायलाच नको होते.

आता पहिला पर्याय. द हेगमधील आंतरराष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र (स्थापना २०१०), अबू धाबीतील ‘हिदाया’ (२०१२), लंडनमधील अभ्याससंस्था आणि संयुक्त राष्ट्रांची कार्यालये हे या क्षेत्रातले परिचित पत्ते. अशा ठिकाणी इंटर्नच्या वाट्याला मुख्यतः वाचन येते: दहा देशांतील कार्यक्रमांचे मूल्यमापन एकत्र करणे, धोरणटिपणाचा पहिला मसुदा, परिषदांचे इतिवृत्त. काम कोरडे वाटले तरी त्यातून एक गोष्ट चांगली अंगवळणी पडते, ती म्हणजे तुलना. इंडोनेशियाचेच पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे एका तरुणीला अध्यक्षीय प्रासादावर आत्मघाती हल्ला करण्याच्या कटात अटक झाली. परदेशात घरकामगार म्हणून राबून परतलेली ही बाई, आणि तिच्याजवळचा बॉम्ब भात शिजवण्याच्या कुकरमध्ये बसवलेला. पुढे मे २०१८ मध्ये सुराबाया शहरात एका दांपत्याने आपल्या चार मुलांसह तीन चर्चवर हल्ले केले. त्यांतल्या मुली नऊ आणि बारा वर्षांच्या होत्या. ‘आई घराला हिंसेपासून दूर ठेवते’ या गृहीतकावर उभारलेल्या कार्यक्रमांचे अहवाल आणि ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, की कोणता प्रश्न अर्धाच विचारला गेला होता हे कळते. अशी वाचनाची शिस्त आपल्या विद्यापीठांत फारशी लावली जात नाही.

अडचणी मात्र ठळक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप विनावेतन असते. कालावधी साधारण दोन ते सहा महिने, आणि अर्जदार पदवीच्या अखेरच्या वर्षात, पदव्युत्तर अभ्यासक्रमात किंवा पदवी मिळून एक वर्षाच्या आत असावा लागतो. ‘यूएन विमेन’ मानधन देते, पण न्यूयॉर्क किंवा जिनिव्हासारख्या शहरातले घरभाडे हा स्वतंत्र विषय आहे. शिष्यवृत्ती हाती नसताना घरच्यांनी ठेव मोडून पाठवावे इतके या कामाचे मोल नाही, असे मी स्पष्टच सांगते. घरबसल्या ऑनलाइन करायची इंटर्नशिप स्वस्त पडते खरी, पण तिच्यात नेमके तेच हरवते ज्यासाठी परदेशी जायचे: वरिष्ठांच्या खोलीत बसून मसुद्यावर होणारी खडाजंगी ऐकणे. ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे दहशतवाद्यांना उपयोगी पडेल अशी माहिती जवळ बाळगणे हा २००० सालच्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि २०१९ पासून ती ऑनलाइन पाहणेही त्यात मोडते. संशोधन हे समर्थनीय कारण धरले जाते, पण ते कारण दाखवणारे संस्थेचे पत्र आधी हवे.

दुसरा पर्याय दिल्ली-मुंबईचा. १९६५ साली स्थापन झालेली आणि आता मनोहर पर्रीकरांचे नाव लावणारी संरक्षण अभ्यास संस्था, १९९० पासूनचे ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन, के. पी. एस. गिल यांनी उभारलेली आणि दक्षिण आशियातील दहशतवादाच्या नोंदी ठेवणारी इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट ही यातली ओळखीची नावे. स्त्रियांच्या बाजूने सुरक्षेचा विचार करणारी दिल्लीची ‘विस्कॉम्प’ १९९९ पासून आहे. तिचा सूर इतरांहून वेगळा, आणि या विषयासाठी तो वेगळेपणा मोलाचा.

अशा संस्थांत इंटर्नला बहुधा नोंदींचे काम मिळते: बातम्या, दोषारोपपत्रे आणि निकालपत्रे वाचून तक्ता भरायचा. हे काम कंटाळवाणे आहे अशी तक्रार मी नेहमी ऐकते, आणि तरीही शिकण्यासारखे सर्वांत जास्त याच तक्त्यात असते असे माझे मत आहे. ‘भूमिका’ नावाचा रकाना घ्या. पुरुषासाठी त्यात भरती करणारा, पैसा पुरवणारा, हल्लेखोर, प्रचारक असे पर्याय असतात. स्त्रीच्या बाबतीत कागदावर पुष्कळदा एवढेच लिहिलेले सापडते की ती अमुक क्रमांकाच्या आरोपीची पत्नी आहे. २०१६ मध्ये केरळच्या कासरगोड आणि पालक्काड जिल्ह्यांतून २१ जण अफगाणिस्तानकडे गेले, त्यांत स्त्रियाही होत्या. त्या नवऱ्यामागे गेल्या, स्वतःच्या निश्चयाने गेल्या, की कोणी कोणाला तयार केले, याचे उत्तर ‘पत्नी’ या एका शब्दात मिळत नाही. त्या रकान्यात काय भरायचे यावर हुशार इंटर्न मार्गदर्शकाशी वाद घालते, आणि मार्गदर्शक तो वाद ऐकून घेत असेल तर संस्था चांगली आहे असे खुशाल समजावे.

दिल्लीचा दुसरा फायदा म्हणजे स्वतःच्या नावाने लिहायला मिळण्याची शक्यता. आठशे-हजार शब्दांचा एक सही असलेला लेख पुढच्या अर्जात दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो. मात्र हे सगळीकडे मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने चार महिने खपून तयार केलेला तक्ता एका संस्थेच्या अहवालात जसाच्या तसा आला आणि आभारांच्या यादीत तिचे नाव नव्हते. संस्थेचे नाव इथे घेत नाही, पण श्रेय कसे दिले जाईल हे रुजू होण्यापूर्वी ईमेलवर लिहून घ्यावे हा धडा सर्वांसाठी आहे. यापेक्षाही नाजूक मुद्दा व्याख्येचा. ‘अतिरेकवाद’ म्हणताना संस्थेच्या डोळ्यांसमोर एकाच धर्माची माणसे आहेत, की माओवादी, ईशान्येतील सशस्त्र गट आणि बहुसंख्याकांच्या नावाने हिंसा करणारेही आहेत, हे तिची मागच्या तीन वर्षांची प्रकाशने चाळली की दिसते. ब्रिटनच्या ‘प्रिव्हेंट’ या दहशतवाद-प्रतिबंधक धोरणावर मोठी टीका झाली ती याच कारणाने: मुस्लिम आयांशी संवाद म्हणता म्हणता त्यांना खबरी बनवले जात आहे, अशी भावना त्या समाजात पसरली.

तिसरा पर्याय क्षेत्रकार्याचा, आणि मराठी वाचणाऱ्या मुलीसाठी त्याचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे गडचिरोली. माओवादी दलमांत, म्हणजे सशस्त्र तुकड्यांत, स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. स्वयंपाकापुरत्या नव्हे, बंदूक घेऊन आणि नेतृत्वाच्या जागांवर. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांसमोर गडचिरोलीत आत्मसमर्पण करणारी तारक्का १९८३ पासून चळवळीत होती आणि दंडकारण्य विशेष विभागीय समितीची सदस्य होती. त्या दिवशीच्या कितीतरी बातम्यांत तिची पहिली ओळख मात्र माओवादी नेता भूपती याची पत्नी अशीच आली. भूपतीने स्वतः ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह शस्त्रे ठेवली. दिल्लीच्या तक्त्यातला तो रकाना इथे हाडामांसाचा होतो.

या भागातल्या प्रश्नांना जी खोली आहे ती कार्यालयात बसून मिळत नाही. दलमात लग्नाला मुभा असे, पण त्याआधी पुरुषाची नसबंदी करवली जाई, असे शरण आलेल्यांनी वारंवार सांगितले आहे. बाहेर आल्यावर मूल हवे म्हणून ती शस्त्रक्रिया उलटवून घेणारी जोडपीही आहेत. पुनर्वसन म्हणजे घर, रक्कम आणि नोकरी एवढेच धरणाऱ्या प्रश्नावलीत ही गोष्ट बसतच नाही. भाषेचेही तसेच. मराठी येते म्हणून आपले काम भागेल असा समज पहिल्या आठवड्यात गळून पडतो, कारण बोलणे गोंडीत किंवा माडियात होते, दुभाषी ते मराठीत आणतो आणि अहवाल इंग्रजीत जातो. मी तपासलेल्या एका प्रतिलेखनात मूळ बाई ‘परत आले’ म्हणत होती. मराठीत ते ‘शरण आले’ झाले होते आणि इंग्रजीत त्याच्याही पुढे गेले होते. ही घसरण पकडणे हेच इंटर्नचे खरे काम, आणि ते करायला गोंडीचे थोडे तरी शब्द कानांवरून गेलेले असावे लागतात. गडचिरोली पोलिसांनी आपल्या मदतकेंद्रांतल्या खिडकीला ‘दादालोरा’ हे गोंडी नाव दिले ते उगाच नाही.

इथली जोखीम मात्र वेगळ्या जातीची आहे. आत्मसमर्पण केलेल्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता बहुतेक वेळा पोलिसांकडून जातो. दाराशी शिपाई उभा असताना दिलेली संमती किती मोकळी मानायची, याचे उत्तर मार्गदर्शकाकडे तयार नसेल तर त्या प्रकल्पात जाऊ नये. दुसरी गोष्ट वेळेची: संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळायला महिने लागतात, म्हणजे तीन महिन्यांची इंटर्नशिप मान्यतेची वाट पाहण्यातच संपू शकते. मान्यता आधीच मिळालेला, निदान एक वर्ष चाललेला प्रकल्प निवडावा. मग मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था असो, २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ असो की आपलाच विभाग, नावाने फारसे बिघडत नाही.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातील सोळा वर्षांची एक शाळकरी मुलगी ‘इस्लामिक स्टेट’च्या प्रचाराकडे ओढली गेल्याचे महाराष्ट्र एटीएसच्या लक्षात आले, आणि तिच्यासाठी समुपदेशनाचा मार्ग निवडला गेला. असे प्रकरण वाचले की ‘तिची मुलाखत घेता येईल का’ हा प्रश्न उत्साही विद्यार्थिनीच्या ओठांवर येतोच. येऊ नये. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, आणि याच कायद्याचे कलम ८३ बालकाला सशस्त्र गटात ओढणाऱ्याला शिक्षा सांगते. कायदा मुलीकडे कोणत्या बाजूने पाहतो हे त्यावरून समजावे. अभ्यास करायचा तो भोवतालच्या मोठ्या माणसांचा: शिक्षिका, समुपदेशक, बाल कल्याण समिती. अल्पवयीन मुलींशी थेट बोलण्याचे काम इंटर्नवर सोपवणारी कोणतीही संस्था, देशी असो वा परदेशी, मी निवडीतून काढून टाकेन.

प्रचारसाहित्य पाहण्याचा प्रश्न तिन्ही ठिकाणी येतो, आणि इथे परदेशी संस्था सहसा पुढे आहेत. व्हिडिओ कोणत्या संगणकावर पाहायचे, दिवसातून किती वेळ, आणि झोप उडाली तर कोणाशी बोलायचे, याचे नियम तिथे लिहिलेले असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे ‘लॅपटॉप स्वतःचा आणा’ असे सांगून काम भागवले जाते. स्वतःच्या लॅपटॉपवर असे काहीही उतरवून घेऊ नये. यूएपीए या कडक दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात आपला हेतू संशोधनाचा होता हे नंतर पटवत बसण्यापेक्षा आधीच संस्थेचे पत्र आणि संस्थेचा संगणक मागावा.

माझा कौल विचाराल तर पहिली इंटर्नशिप दिल्ली-मुंबईत, नोंदींच्या कामावर करावी. खर्च आवाक्यात राहतो आणि कागद वाचायची नजर येते. पीएच. डी. करायचे नक्की असेल तर दुसरी क्षेत्रकार्याची, आणि तिच्यासाठी सहा महिने मोकळे ठेवावे. परदेशी संस्थेकडे त्यानंतर अर्ज करावा, कारण तेव्हा तुमच्याकडे इतरांना माहीत नसलेले काही असते. कोरी पाटी घेऊन गेलात तर इतिवृत्तेच लिहीत बसाल. अपवाद एकच: पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती मिळत असेल तर क्रम बाजूला ठेवून जावे. मुलाखतीच्या शेवटी ‘तुमचे काही प्रश्न?’ असे विचारतील तेव्हा मागच्या इंटर्नने नेमके काय लिहिले आणि ते कुठे छापून आले एवढेच विचारावे, आणि जमल्यास त्या इंटर्नचा ईमेल मागून घ्यावा.