सातव्या महिन्यात मुंबईहून नागपूर: विमान, रेल्वे की समृद्धी?

डोहाळजेवण उरकलं की पहिलटकरीण माहेरी निघते, आणि घरात वाद सुरू होतो. सासूबाईंना विमान नको असतं, नवरा म्हणतो समृद्धी महामार्गानं आठ तासांत सोडतो, आई फोनवरून रेल्वेचाच धोशा लावते. गरोदरपण निर्धोक चाललंय असं धरून तिन्ही पर्याय तोलून पाहू.

विमानाची भीती सर्वांत मोठी आणि बहुतांशी बिनबुडाची. उड्डाण जेमतेम दीड तासाचं. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ असते. आईच्या रक्तातला ऑक्सिजन किंचित उतरतो, पण गर्भाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे निरोगी बाळाचं काही बिघडत नाही. अपवाद मात्र खरे आहेत: रक्तस्राव होत असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्तदाब चढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर आधी डॉक्टर, मग तिकीट. विदर्भातल्या मुलींनी सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे ना, हेही बघावं. हा आजार असेल तर विरळ हवा त्रासदायक ठरू शकते.

उंचावर अवकाशातून येणाऱ्या किरणोत्सर्गाचं काय? तो मायक्रोसिव्हर्टमध्ये मोजतात, आणि या एका फेरीत काही मायक्रोसिव्हर्टच मिळतात. संपूर्ण गरोदरपणासाठी मानली जाणारी मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट, म्हणजे 1,000 मायक्रोसिव्हर्ट. माहेरी जाणाऱ्या बाईनं याची काळजी सोडून द्यावी. विमानतळावरच्या धातुशोधक चौकटीचीही.

खरी अडचण कागदाची. आपल्याकडच्या विमान कंपन्या साधारण 32 आठवड्यांनंतर डॉक्टरांचा ताजा दाखला मागतात आणि 36 नंतर बहुधा घेतच नाहीत. जुळं असेल तर मुदत आणखी अलीकडे येते. सातव्यात निघालात तर सुटलात. 'नववा लागला की बघू' म्हणणाऱ्यांची पंचाईत होते.

रेल्वेचा मोठा गुण एकच, पण मोलाचा: आडवं होता येतं. रात्री बसा, डाव्या कुशीवर झोपा, सकाळी नागपूर. शौचालय चार पावलांवर, पाय मोकळे करायला बोळ. गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, तो जरूर वापरावा. मधल्या बर्थवर चढण्याचा हट्ट नको. धक्क्यांनी कळा सुरू होतात हा समज सोडा. उणीव अशी की रात्री दोनला पोटात दुखू लागलं तर पुढचं मोठं स्टेशन येईपर्यंत थांबणं आलं. नाशिक, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा अशी मोठी गावं वाटेवर आहेत म्हणून बरं. 139 हा रेल्वेचा मदत क्रमांक फोनमध्ये असू द्या.

समृद्धी 701 किलोमीटरची, जून 2025 पासून पूर्ण खुली. वाटेल तेव्हा निघता येतं, सामान हवं तेवढं नेता येतं. तरी तिघांत माझी पसंती हिला सर्वांत कमी. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायात गाठ होण्याचा धोका वाढत जातो. गाठीच्या भीतीनं विमान टाळून आठ-दहा तास मोटारीत बसणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय या रस्त्यावरून मधेच गावात वळता येत नाही, इंटरचेंजच गाठावा लागतो. जायचंच असेल तर दर दोन तासांनी उतरून चाला, आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून घ्या. पोटावरून कधीच नाही. पोट आवळतं म्हणून बेल्ट न लावणं हा तर वेडेपणा.

ज्यांची नोकरीच विमानात आहे, त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा. प्रवासी एकदा उडते, एअर होस्टेस आठवड्यातून कितीदा तरी. केबिन क्रूला वर्षाला काही मिलिसिव्हर्ट मिळू शकतात, म्हणजे 1 ची मर्यादा गरोदरपण संपायच्या आत ओलांडली जाऊ शकते. त्यात रात्रपाळ्या, तासन्‌तास उभं राहणं, जड ट्रॉली. त्यामुळे दिवस गेल्याचं कंपनीला लवकर सांगून जमिनीवरचं काम मागणं शहाणपणाचं. वैमानिकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम असा, की धोका कमी असेल तरच बारावा आठवडा संपल्यापासून सव्विसावा संपेपर्यंत उडायला पात्र मानतात.

माझा कौल: 32 आठवड्यांच्या आत विमान, आणि चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवा. त्यानंतर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, रात्रीची रेल्वे, सोबतीला कुणीतरी घेऊन. कोणत्याही मार्गानं निघा, तपासणीची फाइल आणि सोनोग्राफीचे कागद हातातल्या पिशवीतच ठेवा.