यूजीएल: दुप्पट सोनं, पण एका दिवसापुरतं

सराफ बाजारात गुरुपुष्याला वेढणं घेणाऱ्याचा हिशोब दहा-वीस वर्षांचा असतो. प्रोशेअर्स अल्ट्रा गोल्ड, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मिळणारा यूजीएल हा फंड, एका दिवसाचा हिशोब करतो. परदेशी शेअरचं खातं उघडणाऱ्या नाशिककरांना 'सोन्याच्या दुप्पट' या शब्दांची भुरळ पडते. दुप्पट खरंच मिळतं, पण सोन्याच्या त्या दिवसाच्या चढउताराच्या. वर्षाच्या नाही.

आत काय चालतं ते बघा. फंडात तुमचे १०० रुपये, सोन्याच्या वायद्यात (पुढच्या तारखेच्या खरेदीचा आजच ठरलेला सौदा) पोझिशन, म्हणजे सौद्याची रक्कम, २०० ची. सोनं २ टक्के उतरलं की तोटा ४, भांडवल ९६, पोझिशन १९६. उद्यासाठी पुन्हा दुप्पट हवी, म्हणजे १९२. मग फंड ४ रुपयांचं सोनं विकतो. भाव चढला की उलट, महागलेलं आणखी घेतो. चढ्या भावात घ्यायचं आणि पडत्या भावात विकायचं, असा धंदा कुठला सराफ करेल?

आता सोनं एक दिवस २ टक्के वर, दुसऱ्या दिवशी २ टक्के खाली, असं २० दिवस हेलकावलं असं धरा. सोनं ०.४ टक्के घटतं, फंड १.६ टक्के. दुप्पट नव्हे, चौपट. शिवाय वर्षाला ०.९५ टक्के खर्च, आणि उसन्या निम्म्या पोझिशनवरचं डॉलरचं व्याज, जे वायद्याच्या भावात आधीच मुरलेलं असतं. सलग ५ दिवस रोज १ टक्का चढलं, तर सोन्यात ५.१ आणि फंडात १०.४ टक्के (खर्च वगळून). सरळ चढणीवर गाडी छान पळते, हे मान्य. पण १५ एप्रिल २०१३ ला सोनं एका दिवसात जवळपास ९ टक्के पडलं होतं. तशा दिवशी इथे १८ टक्के जातात, आणि ते भरून काढायला २२ टक्के चढावं लागतं.

नावांतही फसगत होते. एनयूजीटी हा अमेरिकेतलाच दुसरा फंड सोन्याचा नव्हेच, तो सोन्याच्या खाणकंपन्यांच्या शेअरवर दुप्पट खेळतो. २०२० च्या मार्चपर्यंत तर तिप्पट खेळायचा.

भाव इथल्या सोन्याशी जुळेल अशीही अपेक्षा नको. जुलै २०२४ मध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि आपल्याकडचा भाव धाडकन उतरला. न्यूयॉर्कच्या फंडाला त्याचा पत्ताही नव्हता. फंड डॉलरमध्ये असल्याने रुपयाची घसरण मात्र तुमच्या पथ्यावर पडते.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण टाळता येत नाहीत. पैसे एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) जातात, आणि वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावाच लागतो. यूजीएलची रचना भागीदारीची असल्याने अमेरिकेतला के-१ फॉर्मही (भागीदाराच्या वाट्याच्या उत्पन्नाचा करासाठीचा कागद) मागे लागतो. पैसे पाठवण्याआधीच ब्रोकरला विचारा, भारतीय खात्यात असा फंड घेता येतो का; रक्कम डॉलर होऊन तिकडे पडून राहण्यापेक्षा ते बरं.

आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांना कर्ज काढून असं दुप्पट खेळता येत नाही. दुपटीचीच हौस असेल तर एमसीएक्स या आपल्याकडच्या वायदेबाजारात १ ग्रॅमचा पेटल आणि ८ ग्रॅमचा गिनी वायदा आहे. त्यात रोजची फेरजुळणी नाही, पण भाव उलटला की मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) भरा म्हणून फोन येतो आणि तोटा गुंतवलेल्या रकमेपलीकडेही जाऊ शकतो. यूजीएलमध्ये निदान तेवढं होत नाही, गेलं तर घातलेलंच जातं. त्याची एवढीच जमेची बाजू.

आमच्या मते पाचपैकी दीड तारा, तोही अमेरिकेतल्या व्याजदराच्या बैठकीसारख्या एखाद्या ठरलेल्या घटनेवर दोन-तीन दिवसांचा डाव टाकणाऱ्यासाठी. तिथला बाजार आपल्या वेळेने उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आणि हिवाळ्यात ८ ला उघडतो, तेव्हा जागता येत नसेल तर तोही नको. मुलीच्या लग्नासाठी साठवायचं असेल तर साधा गोल्ड ईटीएफ घ्या.