ईस्ट सॅन होजेतलं ग्राफिटी-सत्र: आपल्या लोकांनी जरूर जावं

माझं टॅक्स आणि हिशेबाचं छोटं ऑफिस अ‍ॅलम रॉक अ‍ॅव्हेन्यूजवळ आहे. मागच्या गल्लीत भिंतींवर स्प्रेने काही ना काही लिहिलेलं असतंच. असा एखादा फोटो आमच्या मराठी ग्रुपवर आला की लगेच ‘गँग आली, एरिया गेला’ सुरू होतं. या भीतीत तथ्य किती, ते मला नीट कळून घ्यायचं होतं. म्हणून इथल्या रहिवासी संघटनेने कम्युनिटी सेंटरमध्ये ठेवलेल्या मोफत सत्राला गेले. पाचपैकी साडेचार स्टार.

शिकवणारे दोघं होते: एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि वस्तीतल्या मुलांसोबत काम करणाऱ्या एक बाई. सगळं इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत.

सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की भिंतीवरचं बहुतेक लिखाण टोळ्यांचं नसतंच. ते टॅगर पोरांचं असतं. आपलं नाव जितक्या ठिकाणी दिसेल तितकी शान, एवढाच त्यांचा हिशेब. फुगीर, एकमेकांत गुंतलेली अक्षरं दिसली की बहुधा तेच. टोळीचं लिखाण सहसा साधं आणि ठळक असतं, कारण तो निरोप असतो आणि समोरच्याला तो वाचता आला पाहिजे. आमच्याकडची मुख्य तेढ नॉर्तेन्यो आणि सुरेन्यो या दोन टोळी-गटांतली. एन हे चौदावं अक्षर, म्हणून नॉर्तेन्योंचा आकडा 14, कधी रोमन आकड्यांत, कधी चार ठिपक्यांत. सुरेन्योंचा 13, कारण ते ज्या मेक्सिकन माफियाला मानतात तिचा एम तेरावा. पहिल्यांचा रंग लाल, दुसऱ्यांचा निळा.

मग एका गॅरेजच्या दाराचा फोटो दाखवला. काळ्या रंगात एकाखाली एक टोपणनावं, त्यातल्या एकावर दुसऱ्या रंगाची आडवी रेघ आणि शेजारी 187. हे कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेतलं खुनाचं कलम. खोडलेलं नाव म्हणजे आव्हान, आणि त्याला हा आकडा जोडला की सरळ धमकी. असं काही दिसलं तर स्वतः रंग फासायला जायचं नाही, फोटो काढून पोलिसांना कळवायचं. नावाआधी आर.आय.पी. असेल तर मात्र ती कुणाच्या तरी गेलेल्या मुलाची आठवण असते. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला, आणि त्या भागाला त्यांनी पुरेसा वेळ दिला याचं मला फार बरं वाटलं.

मला सर्वांत जास्त पटलं ते गरुडाचं उदाहरण. लाल झेंड्यावरचा काळा गरुड ही शेतमजूर संघटनेची 1962 पासूनची खूण. ती संघटना उभी करणारे नेते सेझार चावेझ याच ईस्ट सॅन होजेत, साल सी प्वेदेस वस्तीत राहायचे. पुढे नॉर्तेन्योंनीही तोच गरुड उचलला. त्यामुळे नुसतं चिन्ह बघून शिक्का मारायचा नाही, आजूबाजूला काय लिहिलंय तेही बघायचं. चावेझांच्या चित्राशेजारच्या गरुडाला कुणी ‘गँग’ म्हणालं तर इथल्या लोकांच्या काळजाला लागतं, आणि ते लागायलाच हवं.

दुकानदारांसाठी कामाच्या गोष्टी: लिखाण लवकरात लवकर पुसा, कारण राहिलं की त्यावर उत्तर येतं. रंग भिंतीच्याच छटेचा लावा, वेगळ्या रंगाचं ठिगळ म्हणजे नवी पाटी. विटांवर रंग फासू नका. सॅन होजे 311 अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार नोंदवता येते. आणि ग्रुपवर फोटो फिरवू नका. नाव पसरावं हीच लिहिणाऱ्याची इच्छा असते.

अर्धा स्टार कापला तो दोन कारणांनी. बरेच फोटो जुने होते. आणि आपलाच मुलगा वहीवर असली अक्षरं गिरवायला लागला तर आई-बापांनी काय करायचं, हा प्रश्न एका आजींनी विचारला तेव्हा वेळ संपत आली होती. बाईंनी एवढंच सांगितलं की आधी ओरडू नका, कुणाबरोबर असतो ते विचारा, वही काढून घेऊ नका. यावर पूर्ण तासभर हवा होता.

सॅन होजेच्याच एव्हरग्रीन भागात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी जरूर जावं, मोठ्या मुलांना घेऊन. कोपऱ्यावरच्या पोराला घाबरून रस्ता ओलांडणाऱ्यांनी तर नक्कीच. आपल्या मंडळाने या दोघांना गणपतीच्या कार्यक्रमात बोलवावं असं मी समितीला लिहिलं आहे. तासभर मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा, हेही त्यात आहे.