स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका: नकाशा चोख, चौकशी उरकलेली

शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला आजवर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा तेवढा मिळत असे आणि तोही कर आकारणीचा, मालकीचा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली आमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका हाती आली. तिच्याविषयीचा हा अभिप्राय.

नकाशाला नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही. ड्रोन येण्यापूर्वी घरोघरच्या हद्दी चुन्याने आखल्या गेल्या, आणि जो चुना पडला तीच रेघ नकाशावर उतरली. अडचण झाली ती चुना टाकतानाच. शेजाऱ्यांनी रेघ भिंतीलगत न ओढता पागोळ्या पडतात तिथे ओढली. आम्ही त्या दिवशी गावी नव्हतो, त्यामुळे सामाईक बोळ कागदावर हातभर अरुंद झाला. ड्रोनला छप्पर दिसते, वहिवाट दिसत नाही.

खरी उणीव चौकशीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ खाली गावठाणाचे भूमापन होते आणि प्रत्येक मिळकतीचा धारक कोण, हे चौकशी अधिकाऱ्याने ठरवायचे असते. आमच्याकडे मात्र नमुना ८ वरील थोरल्या बंधूंचे नाव जसेच्या तसे पत्रिकेवर चढले. वडील मृत्युपत्र न करता वारले असल्याने हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे दोन्ही बहिणी समान वारस आहेत, पण त्यांना साधी नोटीसही गेली नाही. कार्यालयात विचारणा केली तेव्हा अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे, एवढेच उत्तर मिळाले. ती केव्हाच उलटून गेली होती. आता विलंबमाफीच्या अर्जापासून सुरुवात करावी लागेल.

पत्रिका म्हणजे मालकीची सरकारी हमी, असा समज गावोगाव पसरला आहे, तो चुकीचा आहे. आपल्याकडे नोंदणी अधिनियम, १९०८ खाली दस्ताची नोंद होते, हक्काची शहानिशा होत नाही. महसुली नोंदही अंतिम पुरावा ठरत नाही आणि मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच जातो. तरीही बँकेने कर्जासाठी हीच पत्रिका मागितली, हे तिचे मोल नाकारता येणार नाही.

ज्यांच्या गावात मोजणी व्हायची आहे, त्यांनी चुना पडेल त्या दिवशी घरी असावे आणि सर्व वारसांच्या नावांचा अर्ज चौकशीपूर्वीच देऊन त्याची पोच घ्यावी.