आजाऱ्यांसाठीची प्रार्थनासभा: प्रवचन उत्तम, साक्षींना आवर हवा

आमच्या भागातील एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) आजाऱ्यांसाठी नियमित भरणाऱ्या प्रार्थनासभेला ज्यांना जायचे असेल, त्यांनी मुख्यतः पाळकांच्या, म्हणजे तेथील धर्मगुरूंच्या, प्रवचनासाठी जावे, असे माझे मत आहे. शारीरिक आरोग्य आणि पापांची क्षमा यांचा संबंध अशा सभांमध्ये बहुधा गोंगाटात हरवतो. येथे मात्र बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानातील (येशूच्या चरित्रातील) पक्षाघाती माणसाचा प्रसंग सावकाश उलगडण्यात आला. कफर्णहूमात चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलेल्या त्या माणसाला येशू आधी ‘ऊठ’ म्हणत नाही. त्याच्या पापांची क्षमा झाल्याचे सांगतो, आणि शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, मनातल्या मनात आक्षेप घेऊ लागल्यावर, क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला आहे हे त्यांना कळावे म्हणून, बाज उचलून घरी जाण्याची आज्ञा देतो. बरे होणे ही क्षमेची अट नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या क्षमेची दृश्य खूण आहे, हे पाळकांनी निःसंदिग्धपणे मांडले.

त्याहून मोलाचे वाटले ते जुन्या करारातील (बायबलच्या पूर्वार्धातील) यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 53व्या अध्यायाचे विवेचन. त्यातील दुःख वाहणाऱ्या सेवकाचे वचन मत्तय आपल्या शुभवर्तमानात रोग्यांना बरे करण्याच्या संदर्भात देतो, तर पेत्राच्या पहिल्या पत्रात त्याच अध्यायाचा आधार ख्रिस्ताने आपली पापे वाहिली हे सांगण्यासाठी घेतला आहे. दोन्ही अर्थ नव्या करारातच असल्यामुळे एक धरून दुसरा सोडता येत नाही. परंतु क्षमा आज मिळते आणि देहाच्या मुक्तीची मात्र आपण अजून वाट पाहतो, हा भेद त्यांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायावरून दाखवला.

साक्षींच्या भागात, म्हणजे लोक आपापले श्रद्धेचे अनुभव सांगतात तेव्हा, मात्र ही सारी मांडणी सैल पडली. पाप कबूल केले आणि म्हणूनच दुखणे गेले, असे एकामागून एक सांगितले जात असताना, ज्यांचे दुखणे गेलेले नाही त्यांनी स्वतःविषयी काय समजावे, याचा विचार कोणीच केला नाही. जन्मांधाविषयी बोलताना येशूने त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप हे कारण स्पष्टपणे नाकारले आहे, आणि शरीरातला काटा, म्हणजे आपली पीडा, निघावी म्हणून देवाला तीनदा विनवणी करणाऱ्या प्रेषित पौलाला काटा निघण्याऐवजी कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले. बेथेस्दा तळ्यापाशी 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाला पुन्हा पाप न करण्याची ताकीद मिळाली, हे खरे. पण त्या एका प्रसंगावरून प्रत्येक रुग्णाचा निवाडा करणे अन्यायाचे आहे. साक्षींनंतर पाळकांनी दोन वाक्ये बोलायला हवी होती.

शेवटी याकोबाच्या पत्राप्रमाणे वडीलजनांनी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांनी, रुग्णांना तेल लावून प्रार्थना केली. आरडाओरड नव्हती, कोणाला ढकलले गेले नाही, शुल्क नव्हते आणि औषधे बंद न करण्याची सूचना दोनदा देण्यात आली. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि मिरजेत 1894 साली मिशन रुग्णालय उभारणारे डॉ. वानलेसही याच श्रद्धेचे. तेव्हा ही सूचना परंपरेला धरूनच आहे.

व्यवस्थेत एक ठळक उणीव आहे. दारापाशी पायऱ्या असून उतार नाही, त्यामुळे चाकाची खुर्ची चौघांना उचलून आत आणावी लागली, आणि प्रवचनाचा विषय पाहता हे कोणाच्याच ध्यानात आले नसावे याचे नवल वाटते. ध्वनिव्यवस्था चांगली, बैठक अरुंद. रुग्णाला नेणाऱ्यांनी मागच्या बाकाजवळची जागा धरावी, म्हणजे साक्षी लांबल्यास निघता येते.