बीपीएड की डी लायसन्स? क्लब सोडून गावी आलेल्या फुटबॉलपटूसाठी

आठ-दहा वर्षं क्लबातून खेळून यवतमाळकडच्या आपल्या गावी परतलेल्या दोघांनी मला एवढ्यात एकच प्रश्न विचारला: "भाऊ, बीपीएड करू का कोचिंगचं लायसन्स?" कधीतरी देशाच्या पोट्ट्यांचा संघ हाती यावा, ही इच्छा त्यामागे होतीच. ती मला मोलाची वाटते.

बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षण शिकवायची पदवी. ती दोन वर्षांची, पण आधी दुसरी एखादी पदवी लागते. सतराव्या वर्षी क्लबात गेलेल्याचं कॉलेज बहुतेक अर्धवटच असतं, म्हणजे हिशेब थेट पाच वर्षांचा. सोय मात्र दाराशी आहे. अमरावतीत 1914 पासून उभ्या असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. शाळेत नोकरी लागली तर पगार, पटांगण आणि पोट्टे एकदम मिळतात. पण तिथं खो-खो, कबड्डी, अ‍ॅथलेटिक्स सगळंच शिकायचं. फुटबॉल त्यातला एक खेळ. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा एकाच खेळाला धरून आहे, पण तेवढ्यासाठी घर सोडावं लागतं.

फुटबॉल कोचिंगच्या लायसन्सचा जिना वेगळा, खालून वर: डी, सी, बी, ए, मग प्रो. देशाच्या संघाकडे याच जिन्यानं जातात. डी थोड्या दिवसांत होतं. वरच्या पायऱ्यांना खर्च वाढतो, वर्ग बहुधा लांबच्या शहरात असतात आणि मधल्या काळात प्रत्यक्ष संघ शिकवावा लागतो. संघच नसेल तर डीचा कागद पेटीतच राहतो.

गोव्याचे बिबियानो फर्नांडिस बघा. स्वतः क्लबातून खेळले, मग भारताच्या कुमारांचे प्रशिक्षक झाले. 2018 च्या आशियाई 16 वर्षांखालील स्पर्धेत त्यांच्या मुलांनी व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला रोखलं. गटात एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व सामना दक्षिण कोरियाशी 0-1 हरले आणि 17 वर्षांखालील विश्वचषक एका विजयानं हुकला. बचावाची ही शिस्त चार दिवसांच्या शिबिरात बसत नाही. भारताचे माजी कर्णधार षण्मुगम वेंकटेश यांनी 2022 मध्ये 20 वर्षांखालील सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धा जिंकून दिली, तेही आधी इंडियन अ‍ॅरोज या तरुण खेळाडूंच्या संघाची पोरं घडवून.

घर तुमच्याच कमाईवर चालत असेल तर बीपीएड घ्या, त्यात कमीपणा नाही. नाहीतर मी डी आधी सांगेन, आणि त्याच वर्षी गावात 13 वर्षांखालचा संघ. सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करा, म्हणजे बीपीएडचं दारही उघडं राहील.

जागेकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. आपली काळी माती पावसात बुटाला किलोभर चिकटते, चेंडू जागचा हलत नाही, आणि शाळांच्या स्पर्धा नेमक्या तेव्हाच सुरू होतात. अर्ज भरायच्या आधी सरपंचांना भेटा, मुरमाड जागा मागून घ्या. ती मिळाली तर जुलैतही सराव होईल.