द्रव नायट्रोजनवर ड्रिलिंग: टायटॅनियमला पाच तारे, अ‍ॅल्युमिनियमला दोन

गेले काही महिने टायटॅनियम, मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम, तिन्ही हलक्या धातूंच्या जॉबवर (कापायच्या तुकड्यांवर) द्रव नायट्रोजन सोडून होल मारतोय. नेहमीचं कूलंट काढलं, नायट्रोजन लावला, झालं, असं विकणारे सांगतात. तसं ते नाही. कूलंट तीन कामं करतं: थंड करतं, वंगण देतं आणि चिप्स (कापलेला कीस) होलबाहेर ढकलतं. नायट्रोजन पहिलं काम जबरदस्त करतो, तिसरं जमेल तसं, आणि वंगणाच्या नावाने जवळपास शून्य. आपला धातू यातल्या कोणत्या कामासाठी अडून बसतो, ते आधी बघा आणि मग पैसे घाला.

टायटॅनियम अडतो तो उष्णतेवर. ग्रेड ५ या टायटॅनियम मिश्रधातूची उष्णतावाहकता ६०६१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाएवढी. म्हणजे कापताना झालेली उष्णता जॉबमध्ये पसरत नाही, चिपबरोबरही फारशी जात नाही, ड्रिलच्या धारेवरच साचते. त्यात तापलेला टायटॅनियम कार्बाइडला (ड्रिलच्या कठीण मटेरियलला) चिकटतो आणि सुटताना धारेचे कण घेऊन जातो. इथे उणे १९६ अंशांचा द्रव थेट धारेशी पोचला की फरक कानांनाही कळतो. होलच्या शेवटी येणारी ती किंचाळी गेली. ड्रिलचा बाहेरचा कोपरा, जिथे वेग सर्वांत जास्त आणि झीजही तिथेच, तो आता बराच जास्त टिकतो. होलच्या तोंडाशी येणारी बर, म्हणजे धातूची धारदार कड, तीही कमी.

पण ‘थेट धारेशी’ हे शब्द हलके घेऊ नका. बाहेरून नोझल लावून फवारा मारायचा प्रकार ड्रिलिंगमध्ये मला निरुपयोगी वाटला. मिलिंगमध्ये धार उघडी असते, तिथे ते चालून जातं. ड्रिलची धार होलच्या तळाशी, आणि वर येणाऱ्या चिप्स फवाऱ्याच्या वाटेत. गारठतो तो जॉबचा पृष्ठभाग आणि ड्रिलचा वरचा भाग. थंडीने धातू आणखी कडक झाला आणि धार मात्र तापलेलीच, असा दुहेरी तोटा. ड्रिलच्या आतल्या भोकांतूनच द्रव यायला हवा, आणि त्यासाठी व्हॅक्यूम-जॅकेटची (दुहेरी भिंतीत निर्वात पोकळी असलेली) लाइन, थंडी सोसणारे सील, सगळं आलं. साधे रबरी सील या तापमानाला काचेसारखे होतात.

लाइन गरम असताना द्रव वाटेतच उकळतो आणि पहिले काही क्षण ड्रिलमधून नुसता वायू फुरफुरतो. प्रवाह एकसारखा झाल्याशिवाय होल सुरू करायचं नाही, हा नियम. मध्येच द्रव, मध्येच वायू असं झालं तर कार्बाइडला तापण्या-गारठण्याचे धक्के बसतात आणि धारेचे टवके उडतात. पेक ड्रिलिंगसुद्धा, म्हणजे ड्रिल वारंवार मागे घेत टप्प्याटप्प्याने होल मारणं, शक्य तितकं टाळतो. फीडचा (ड्रिल आत ढकलण्याचा) जोर मात्र वाढतो, कारण गारठलेला टायटॅनियम जास्त ताकदीचा असतो. फार पातळ, टोकदार धारेचे ड्रिल इथे नकोत.

मापाचा घोळ वेगळाच. तापलेल्या जॉबमधलं होल थंड झाल्यावर आवळतं, हे मशीन लावणाऱ्या प्रत्येक सेटरला माहीत असतं. इथे उलट. १० मिमीचं होल, अ‍ॅल्युमिनियमचा जॉब खोलीपेक्षा ५० अंशांनी गार असेल, तर तो पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत होल ११ मायक्रॉनच्या वर मोठं होतं. एच ७ या अचूकतेच्या दर्जाची पूर्ण सहनमर्यादा (मापात चालणारा फरक) या मापाला १५ मायक्रॉन. म्हणजे बहुतेक सगळी यातच गेली. टायटॅनियममध्ये हाच हिशोब चार मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणून तिथे निभावतं. जॉब गार असताना माप तपासायचा गेज घालून निष्कर्ष काढू नका. शिवाय वर दव साचलेलं असतं, ते वेगळं.

अ‍ॅल्युमिनियमला दोन तारे का, त्याचं कारण वंगण. त्याची अडचण उष्णतेपेक्षा चिकटपणाची. धारेवर धातूचा थर चढतो आणि होलची भिंत खरवडतो. थंडीने थर थोडा कमी होतो, पण चिप काही तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियम अतिथंडीतही ठिसूळ होत नाही. म्हणून तर द्रव वायूंच्या टाक्या त्याच्या बनवतात. तेव्हा ‘गारठवलं की चिप कुडकुडून तुटेल’ ही अपेक्षा इथे फोल. पॉलिश केलेल्या फ्लूटचा (चिप बाहेर येण्याच्या खाचेचा) ड्रिल आणि तेलाचा बारीक धूर (हवेबरोबर सोडलेले तेलाचे सूक्ष्म थेंब), एवढ्यावर ७०७५ हा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू जास्त बरा चालतो. चिप्स मात्र कोरड्या, स्वच्छ मिळतात आणि भंगारवाला खूश, हे मान्य.

मॅग्नेशियमला साडेतीन. पाण्याचं कूलंट नको असण्याचं कारण इथे खरंखुरं आहे: मॅग्नेशियमचा कीस पाण्याशी हायड्रोजन सोडतो. नायट्रोजनमध्ये ती भानगड नाही, चिप्सही छान तुटतात. पण तुटून बारीक होतात आणि बारीक कीस पेट घ्यायला सोपा. नायट्रोजन आहे म्हणजे आग लागणारच नाही, असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: पेटलेला मॅग्नेशियम नायट्रोजनमध्येही जळतो, कार्बन डायऑक्साइडमध्येही. म्हणून कोरडी वाळू आणि धातूच्या आगीची खास पावडर मशीनजवळच ठेवतो. दुसरं, उघड्या पाइपवर हवा द्रवरूप होऊन ठिबकते आणि त्या थेंबांत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असतं, कारण ऑक्सिजन उणे १८३ लाच द्रव होतो. ते थेंब तेलकट कपड्यावर किंवा किसाच्या ढिगावर पडायला नकोत. लाइनचं इन्सुलेशन कुठे उघडं पडलंय का, हे रोज बघतो.

माणसांच्या बाबतीत तर तडजोड नाही. एक लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरण्याची जाणीवही होत नाही; माणूस सरळ कोसळतो. थंड वायू खाली बसतो, त्यामुळे खड्ड्यातल्या चिप कन्व्हेयरजवळ धोका सर्वांत जास्त. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की वाजणारा मीटर आणि चालू एक्झॉस्ट, यांशिवाय आम्ही व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन व्हॉल्व्हमध्ये द्रव अडकला तर पाइप फुटू शकतो, म्हणून मधल्या प्रत्येक तुकड्याला दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवा. पुरवठादार हे आपणहून सांगेलच असं नाही, मागून घ्या.

सध्या टायटॅनियम पूर्ण नायट्रोजनवर, मॅग्नेशियम खोल होलपुरतं आणि अ‍ॅल्युमिनियम परत तेलाच्या धुरावर. टाकीतला द्रव मशीन बंद असतानाही उडत राहतो, त्यामुळे टायटॅनियमचे जॉब आठवडाभर पसरवण्याऐवजी आता एकत्र लावतो. रोज एखाद-दुसरं होल मारणाऱ्यांचा अर्धा द्रव हवेतच जाईल, त्यांनी या वाटेला जाऊ नये.